बस्त्यावकाकांचा शुक्रवार

बस्त्यावकाकांबद्दल लिहायचं तर आधी माझी चूक सांगून टाकते, म्हणजे पुढे शब्द चघळत बसायला नको. मी डॉक्टर आहे. लंडनमध्ये, स्टॅनमोरला, जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर म्हणून माझी सव्वीस वर्षं गेली. रोज तीस-पस्तीस माणसं समोर बसून काय होतंय ते सांगतात आणि त्यातलं बरंचसं मला कळतं, असा माझा समज आहे. बस्त्यावकाकांच्या मुलीने, रीटाने, मला एक साधा प्रश्न विचारला होता. "ताई, पपांना काही होतंय का गं? होत असेल तर याच नाताळात त्यांना वसईला नेते. मम्मीच्या कबरीपाशी एकदा नीट बसायचंय त्यांना. नसेल काही, तर पुढच्या वर्षी निवांत जाऊ." आणि मी म्हणाले, "पुढच्या वर्षी जा की. घाई काय आहे?"

काका जाऊन आता वर्ष होत आलं. मी अजून ते वाक्य घोळवत बसते.

रीटा आमच्या सर्जरीत फार्मासिस्ट आहे. इथे दवाखान्याला सर्जरी म्हणतात. माझ्या आईला पहिली दोन वर्षं वाटायचं, की मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसांची पोटं फाडते. रीटा वसईची, कॅथलिक, घरात मराठी. वसईचे ख्रिस्ती पिढ्यान् पिढ्या मराठी बोलतात हे माझ्या पुण्याच्या मैत्रिणींना दर वेळी नव्याने सांगावं लागतं, आणि दर वेळी त्या "हो का, किती छान" म्हणतात. रीटा त्यावर गोड हसते आणि त्या गेल्यावर माझ्यापाशी करवादते. एजवेअरच्या तिच्या छोट्या घरात ती आणि पपा, दोघंच.

काकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या मंडळाच्या गणपतीत. हॅरोच्या एका शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला. आपली मंडळी आरती संपेपर्यंत अगदी सुसंस्कृत असतात. महाप्रसाद म्हटलं की मग काय होतं ते मी सांगायला नको. त्या दिवशी दोन कन्सल्टंट, म्हणजे इस्पितळातले मोठे डॉक्टर, आणि एक बँकेतले साहेब मसालेभाताच्या पातेल्याशी जवळजवळ हातघाईवर आले होते. तेवढ्यात कुणीतरी दोन टाळ्या वाजवल्या. मोठ्या नव्हेत, पण सगळ्यांच्या माना वळल्या. बुटका, सावळा माणूस, पांढराशुभ्र फुल शर्ट, खिशाला पेन, केसांना तेल. "म्हातारी माणसं पुढे. लहान मुलं आयांबरोबर. बाकीचे तुम्ही जवान आहात, थांबा जरा. जेवण सगळ्यांना पुरणार आहे."

आता जेवण पुरणार आहे हे या गृहस्थांना कुणी सांगितलं होतं, देव जाणे. पण दहा मिनिटांत ओळ लागली. हृदयरोगतज्ज्ञ मुकाट्याने मागे जाऊन उभे राहिले. काका स्वतः सगळ्यात शेवटी जेवले, उभ्याने, भांडी आवरणाऱ्या बायकांबरोबर. मी विचारलं, "काका, हे कुठे शिकलात?"

"चर्चमध्ये, बाय," ते म्हणाले. आमच्याकडे पोरीबाळींना 'बाळ' म्हणतात तसं त्यांच्याकडे 'बाय'. मी तेव्हा चोपन्न वर्षांची होते. मला ते फार आवडलं.

ते चर्च म्हणजे वसईतलं नव्हे. काकांनी आखातात एकतीस वर्षं काढली, एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर म्हणून. त्या देशाचं नाव ते घेत नसत. 'तिकडे' म्हणायचे, म्हणून मीही घेत नाही. तिकडे राज्य मुसलमानांचं, कायदा त्यांचा. पण राबणाऱ्या लोकांत केरळचे, गोव्याचे, तमिळ, फिलिपिनो, श्रीलंकेचे ख्रिस्ती इतके, की राजाने गावाबाहेर एक जागा देऊन तिथे चर्च बांधू दिलं होतं. बाहेरून क्रूस दिसायचा नाही, घंटा वाजवायची नाही, एवढंच. काका ते तक्रारीने सांगत नसत. "राजा भला माणूस. दुसऱ्याच्या घरी आपण भजन म्हणायचं तर दार लावूनच म्हणायचं ना," असं वर त्याचं समर्थन करायचे.

तिकडे सुट्टी शुक्रवारची. रविवारी सगळे कामावर. त्यामुळे रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, शुक्रवारी. आणि एक नव्हे, पहाटेपासून संध्याकाळपर्यंत एकामागून एक, वेगवेगळ्या भाषांत. एक मिस्सा सुटायची आणि दुसरी सुरू व्हायची त्यात वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत काही हजार माणसं बाहेर काढायची आणि काही हजार आत घ्यायची, कुणी चेंगरता कामा नये, आवाज वाढता कामा नये, बाहेर रस्त्यावर गर्दी साचता कामा नये. नाहीतर पोलीस येणार आणि मग फादरना वर बोलावणं येणार. हे काम बस्त्यावकाकांचं. कुणी नेमलं नव्हतं. एका शुक्रवारी दारात चेंगराचेंगरी होताना पाहिली आणि उभे राहिले, ते एकतीस वर्षं उभेच होते.

"मग तुम्ही मिस्सा कधी ऐकायचात?" मी विचारलं होतं.

"ऐकायचो ना. दारातून. पाठ वेदीकडे, तोंड माणसांकडे."

"सरकून घ्या, भगिनींनो, मागे माणसं उभी आहेत" हे वाक्य त्यांना नऊ भाषांत येत होतं. नऊही भाषांत दुसरं फारसं काही येत नव्हतं. आमच्या रिसेप्शनवरच्या मलयाळी मुलीला त्यांनी पहिल्या भेटीत तेच ऐकवलं. ती दचकून खरंच सरकली.

मराठी मिस्सेची गोष्ट त्यांच्या विशेष जिव्हाळ्याची. वसईची माणसं तिकडे मूठभर. मलयाळमला मोठं चर्च, फिलिपिनोंच्या तागालोगला मोठं चर्च, कोंकणीला सकाळची वेळ, आणि मराठीला काहीच नाही. काका चार वर्षं फादरच्या मागे लागले. शेवटी मिळालं काय, तर महिन्यातून एकदा, भर दुपारी सव्वातीनला, मागचा कॅटेकिझमचा, म्हणजे मुलांच्या धर्मशिक्षणाचा वर्ग, लहान मुलांची बाकं. पहिल्या दिवशी एकोणीस माणसं आली. त्या एकोणीस माणसांनासुद्धा काकांनी दारात ओळीत उभं करून, म्हाताऱ्यांना पुढे घेऊन, शिस्तीत आत सोडलं.

"एकोणीस माणसांना ओळ कशाला हो काका?"

"मग? आपल्या मिस्सेला ओळ नको? लोक काय म्हणतील, मराठी लोकांची काय गर्दीच नाही."

आणि बायको, लुसी, तिकडे वसईत. मुलगी तिने एकटीने वाढवली. ती आजारी पडली तेव्हा काकांना कळवलं, पण पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत आणि तिजोरीची किल्ली ज्याच्याकडे, तो साहेब सणाच्या सुट्टीवर. दुसऱ्यांच्या पोरांचे अडलेले पासपोर्ट सोडवायला शंभर वेळा कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवलेला माणूस, त्याचा स्वतःचा तीन दिवस सुटला नाही. पोचले तेव्हा माती पडून गेली होती. पंधरा दिवसांत परत कामावर. पुढे रिटायर झाले ते थेट रीटाने इकडे आणलं. वसईत घर होतं ते रीटाच्या शिक्षणापायी आधीच गेलेलं. "कबरीपाशी बसायचं राहिलं, बाय," एवढंच म्हणाले होते मला, भाजी निवडता निवडता. "उभा होतो मी तेव्हा. सगळे आले होते, त्यांचं बघत होतो. बसायचं राहिलं."

एजवेअरच्या चर्चने त्यांची फार निराशा केली. सुंदर दगडी चर्च, काचांवर चित्रं, हीटिंग चालू, आणि रविवारी सकाळी आत सात आयरिश म्हाताऱ्या आणि एक कुत्रा. पहिल्या दिवशी काका दारात जाऊन उभे राहिले. पंधरा मिनिटं कुणी आलंच नाही. फादरनी प्रेमाने हाताला धरून बाकावर नेऊन बसवलं. "एवढी जागा आहे," घरी येऊन ते रीटाला म्हणाले, "आणि माणसं कुठे गेली?" मला त्या वेळी ऐकून हसू आलं होतं. माझं हसू असं फार लवकर येतं, तीच तर भानगड आहे.

तरी ते जायचे. रविवारी रीटाबरोबर मिस्सेला, आणि शुक्रवारी सकाळी एकटे, बसने. शुक्रवारी तिथे काही नसायचं, फक्त दार उघडं असायचं. पण शुक्रवारी पहाटे उठून दाढी, इस्त्रीचा शर्ट, टाय, पॉलिशचे बूट. रीटाने सुरुवातीला चालवून घेतलं. मग ऑक्टोबरात एक दिवस मला सर्जरीच्या किचनमध्ये गाठून म्हणाली, "ताई, तू येऊन बघ ना जरा. आमच्या डॉक्टरकडे नेलं तर ते घाबरतील. तुझ्याशी मोकळं बोलतात." तेव्हाच तिने वसईचं विचारलं. पुढच्या वर्षी तिला सलग पाच आठवडे रजा मिळणार होती, या वर्षी कशीबशी दहा दिवस.

शुक्रवारी माझी सुट्टी असते. गेले. काका टाय लावून डायनिंग टेबलाशी बसलेले, चहा झालेला. मी गप्पांत गप्पा म्हणून आमचे नेहमीचे प्रश्न काढले. वर्ष बरोबर. महिना बरोबर. गाव बरोबर, रस्ता बरोबर, पोस्टकोडसुद्धा बरोबर. पंतप्रधान कोण विचारलं तर म्हणाले, "इथे दाढी करून येईपर्यंत बदलतो, कुठला सांगू?" मी तीन शब्द लक्षात ठेवायला दिले: सफरचंद, टेबल, चावी. पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलून परत विचारले.

"चावी," ते म्हणाले. "टेबल." थांबले. "आणि केळं."

रीटाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "अगं, वसईचा माणूस. त्याला सफरचंद कशाला आठवेल? केळंच आठवणार." तीही हसली.

"काका, आज वार कुठला?"

"रविवार."

"नीट आठवून सांगा."

"नीटच सांगतोय, बाय. रविवार. मी काय टाय उगाच लावलाय?"

आणि मी खो खो हसले. रीटालाही हसू फुटलं. मी म्हटलं, "रीटा, एकतीस वर्षं ज्याचा रविवार शुक्रवारी आला, त्याला वार विचारणारी मीच शहाणी. हा काही आजार नाही गं, ही सवय आहे. इथल्या गोऱ्या डॉक्टरला हे कधी कळलं नसतं, त्याने फटकन लेबल लावलं असतं." केवढी मिजास माझी. आपल्या माणसाला आपणच ओळखतो, असं वाटून मी त्या टेबलाशी अगदी खूश होते.

काकाही हसले. पण आमच्यानंतर. आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग रीटाच्या, आणि मग हसले. पेशंट असा दुसऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघून हसला, तर मी लगेच पेन उचलते. त्या दिवशी मी दुसरा चहा मागितला. आणि निघताना दारात, चपला घालता घालता, मी वसईचं ते वाक्य बोलून गेले.

नाताळ गेला. पुढच्या वर्षभरात रीटा अधूनमधून काहीबाही सांगायची आणि माझ्याकडे प्रत्येकाला उत्तर तयार असायचं. काकांनी तिला एकदा लुसी म्हणून हाक मारली. तर तू आईसारखी दिसतेस ना, मी म्हटलं. बस चुकली, इथल्या बसचे नंबर मला तरी कुठे कळतात. भात दोनदा लावला. मी स्वतः परवा आमटीत दोनदा मीठ घातलं. दिलासा द्यायला मला चांगलंच जमतं. रीटाला तो हवा होता, आणि मला द्यायला बरं वाटत होतं.

वसईची तिकिटं पुढच्या नाताळची काढलेली होती. पण नोव्हेंबरात रीटा दोन दिवस एडिनबराला ट्रेनिंगला गेली आणि शुक्रवारी दुपारी तिचा मला फोन आला. आवाज इतका बारीक, की आधी ओळखलाच नाही. "ताई, पपा एका मशिदीत आहेत. त्यांच्या खिशातल्या कार्डावर माझा नंबर होता. तू जातेस?"

गेले. आमच्यापासून चार मैलांवर एक मशीद आहे, शुक्रवारी दुपारी तिथे रस्ताभर गाड्या लागतात. काका वाटेत बसमधून उतरले असणार. शुक्रवार, माणसांची रीघ, दारात बुटांचे ढीग, आत घ्यायची घाई. त्यांना दुसरं काय वाटणार होतं? मी पोचले तेव्हा ते ऑफिसात खुर्चीवर बसून चहात बिस्किट बुडवत होते, कुणीतरी दिलेलं पिवळं जाकीट अंगावर, चेहरा थकलेला आणि इतका समाधानी, की तसा मी लंडनमध्ये त्यांचा कधी पाहिला नव्हता.

दारात युसुफभाई म्हणून एक सत्तरीचे गृहस्थ माझी वाट बघत थांबले होते. ते तिथली व्यवस्था बघायचे. "बहनजी, आपके अंकल ने तो कमाल कर दिया," ते म्हणाले. "गाड़ियाँ लगवाईं, बुज़ुर्गों को आगे बिठाया, जूते क़तार में रखवाए. हम समझे कोई नए वॉलंटियर हैं." मग मला जरा बाजूला घेऊन आवाज खाली केला. "फिर पूछने लगे, मलयालमवाली कितने बजे है. तब मैं समझ गया. मेरे वालिद को भी यही था."

पाच मिनिटांत समजलं त्यांना. शिकलेले किती होते, माहीत नाही. हसले नाहीत, एवढं मात्र नक्की.

गाडीत काका खुशीत होते. "आज गर्दी चांगली होती, बाय. कुणाला लागलं नाही." सिग्नलला थांबलो. मग एकदम माझ्याकडे वळून, अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाले, "माझा पासपोर्ट सुटला का? लुसीला बरं नाही. साहेब आला का परत?"

मी डॉक्टर. अशा वेळी काय बोलायचं, याची मी दुसऱ्यांना पत्रकं वाटते. मी म्हटलं, "सुटला काका. मिळाला."

"कधीचं विमान?"

"उद्याचं."

"बरं झालं," ते म्हणाले. "बरं झालं. पोचेन मग."

पुढे मला रस्ता दिसेना. एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडी घालून बंद केली. काका म्हणाले, "पेट्रोल संपलं का?" मी हो म्हटलं. "येईल कुणीतरी," त्यांनी मलाच धीर दिला.

मेमरी क्लिनिकमधली डॉक्टर तरुण होती, माझ्या मुलीच्या वयाची. तिने विचारलं, हे कधीपासून? रीटा माझ्याकडे बघायच्या आत मीच म्हणाले, "वर्षभराच्या वर झालं. सगळ्यात आधी मी पाहिलं." तिने मान हलवली आणि म्हणाली, गोळ्या आधी सुरू झाल्या तर काहींना थोडा काळ मिळतो, काहींना नाही, सांगता येत नाही. हे वाक्य कशासाठी म्हणतात, ते मला ठाऊक आहे. मीही म्हणते.

बाहेर आल्यावर रीटा भांडेल असं वाटलं होतं. भांडली असती तर मला सोसलं असतं. ती कोटाची बटणं लावत म्हणाली, "मला माहीत होतं गं ताई. आतून माहीत होतं. पण तू हसलीस, आणि मला इतकं बरं वाटलं, की मी तेच धरून बसले."

तिकिटं काढलेली होती, म्हणून नाताळात ती त्यांना वसईला घेऊन गेली. परत आल्यावर महिनाभर तिने काही सांगितलं नाही. मग एकदा औषधांची यादी तपासता तपासता, मान वर न करता म्हणाली, "कबरीपाशी नेलं मी. खुर्ची नेली होती शेजारून मागून, बसायला. ते बसले नाहीत. नाव वाचलं, मोठ्याने. मग मला विचारलं, कोण गं ही? तरुण गेली की." ती यादीवर टिक करत राहिली. "दोन-चार लोक आले होते आमचे, त्यांना ओळीत उभं केलं. म्हणाले, सगळ्यांना मिळेल."

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो काढून घेतला, रागाने नव्हे, तिला टिक करायची होती.

पुढचं लवकर झालं. गॅस उघडा राहिला, एकदा जिन्यावरून पडले, आणि रीटाला नोकरी सोडता येईना. कौन्सिलच्या माणसांशी सहा महिने झगडून तिने घराजवळच्या एका नर्सिंग होममध्ये त्यांना जागा मिळवली. तिथे राबणाऱ्या सगळ्या केरळच्या आणि फिलिपिन्सच्या. काका तिथे घरच्यापेक्षा सुखात होते, हे रीटाला फार लागलं. त्या बायकांच्या भाषा काकांच्या कानावर पडायच्या, गणवेशातल्या बायका लगबगीने जा-ये करायच्या, जेवणाला गाडी यायची. ते कुठे आहेत, हे त्यांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. रीटा म्हणायची, "मी गेले की विचारतात, तू कुठल्या कॅम्पातून आलीस." कॅम्प म्हणजे तिकडच्या कामगारांची वस्ती.

मी जायचं टाळत होते. कामं काढायची. सहा-सात महिने असेच घालवले. शेवटी एका मंगळवारी दुपारी गेले, आणि घरून मनाशी ठरवून गेले होते, की त्यांना सांगायचं. त्यांना कळो न कळो. काका, मी चुकले. तुमचं एक काम होतं, ते माझ्यामुळे राहिलं.

ते मोठ्या खोलीत, खिडकीपाशच्या खुर्चीत बसले होते. फार वाळले होते, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल. दुपारचं टीव्हीवर काहीतरी चाललेलं, चार-पाच म्हातारी डुलक्या घेत होती. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ओळख नव्हती. पण बघितलं नीट, लक्ष देऊन.

"नवीन आलीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"गाव कुठलं, बाय?"

"पुणं."

"मराठी. बरं झालं." ते जरा पुढे वाकले. "मॅडमने सोडलं?"

मला कळायला एक क्षण लागला. त्यांच्या लेखी मी कुणाच्या तरी घरात झाडूपोछा करायला, पोरं सांभाळायला परदेशी आलेली बाई होते. मालकिणीच्या पाया पडून दोन तासांची सुट्टी मिळवून, पहिल्यांदाच चर्चपर्यंत पोचलेली.

"सोडलं," मी म्हटलं.

"किती वाजेपर्यंत?"

पार्किंग पाचपर्यंत होतं. "पाच," मी म्हटलं.

ते उठले. शेजारची खुर्ची स्वतः ओढली, पाठमोरी करून भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि मला बोटाने बसायची खूण केली. "इथे बस. इथून कुणाला दिसत नाही. पहिल्यांदा येतात त्यांना मी इथेच बसवतो. प्रार्थनेचं मग बघू, आधी रडून घे. तिकडे घरात रडता येत नाही ना? इथे कुणी विचारणार नाही तुला."

मी बसले. काही सांगायचं राहिलं नव्हतं, आणि सांगितलंही नाही. रडले. भिंतीला क्रीम रंग होता, त्यावर विजेचं एक बटण होतं, आणि मी त्याच्याकडे बघत, नाकातून पाणी येईपर्यंत रडले. काका मागे कुठेतरी उभे होते. दोनदा कुणीतरी जवळ आल्याचा आवाज झाला आणि दोन्ही वेळा ते त्यांच्याशी काहीतरी हळू बोलले. ती माणसं निघून गेली.

किती वेळ गेला कोण जाणे. मग खांद्यावर हात आला, अगदी हलका.

"चल, ऊठ आता. तोंड पूस, पदराने नको, डोळे लाल दिसतील. पाण्याने पूस." त्यांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास माझ्यापुढे धरला. "वेळेवर जा, बाय. उशीर झाला तर पुढच्या वेळी तुला सोडायची नाही ती."